तात्पुरती तार

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — देवापुढे मी भलतंच काहीतरी मागत बसते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आप्पांना ओळखत नव्हता. ओळखत असता, तर तुमच्यासमोरही माझी जीभ रेटली नसती.

आप्पा म्हणजे माझे सासरे. मागच्या चैत्रात गेले. आमच्या बोर्ली पंचतनकडे माणूस गेल्यावर घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी चांगलं बोलून उठतो. आप्पांबद्दल तर सगळे बोललेच, पण उठता उठता माझ्याबद्दलही बोलले — "सून न्हाय, लेक व्हती ती. म्हाताऱ्याला फुलावानी जपला तिनं." मी ओढणी तोंडाला लावून बसले होते. लोकांना वाटलं, रडते आहे. रडत होतेच — पण कशाला रडत होते, ते माझं मला ठाऊक.

आणि त्यात खोटं तरी काय होतं? जपलंच होतं मी. त्यांचा बिनसाखरेचा चहा, त्यांची रात्रीची गोळी, बोंबलाच्या आमटीत त्यांना लागायची ती जास्तीची कोकमं — कशात म्हणून कमी केलं नाही. पण त्या जपण्यातच एकदा, पाठीवरून हात फिरवता फिरवता, मी जे केलं, ते सांगायचं आहे. सांगते. आधी थोडं व्हॉल्व्हबद्दल — जुन्या रेडिओत काचेचे दिवे पेटायचे ना, ते — सांगू द्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खरं सांगू? व्हॉल्व्हबद्दल बोलत असले की मला जरा धीर येतो. म्हणूनही असेल.

आप्पांचा सगळा जन्म मुंबईत, एका कंपनीच्या वाइंडिंग खात्यात गेला. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे. केसासारखी बारीक तांब्याची तार, एकाला एक चिकटून वेढे, वेढ्यांच्या थरावर कागद, कागदावर पुन्हा थर. रिटायर होऊन गावी आले ते कंपनीनं मोडीत काढलेलं, हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन टेम्पोत घालून. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी म्हणे ते मशीन बघून दारातच कपाळावर हात मारला होता.

मी या घरात आले ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन. मिक्सर, पंखे, टीव्ही — बाजारातलं येईल ते दुरुस्त करायचे. एकदा एका मंडपवाल्यानं जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणून टाकला. ट्रान्सफॉर्मर जळलेला. मी म्हटलं, भंगारात घाला. आप्पांनी तो ट्रान्सफॉर्मर सोडवून ओटीवर नेला आणि काही दिवसांनी नवा गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. मी तो जोडला, बटण दाबलं, आणि तो डबा बोलायला लागला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून पोरांसारखे खिदळलो. सासऱ्यानं नि सुनेनं असं खिदळायची आमच्यात रीत नाही. पण हसू आलं त्याला काय करणार?

तिथून आमचं काम सुरू झालं. अलिबागेच्या बाजूला मुंबईच्या लोकांनी बंगले बांधले आहेत. त्यांच्यात काही शौकीन असतात, त्यांना गाणं व्हॉल्व्हवरच ऐकायचं असतं. एकाचं बघून दुसरा, असे ते यायला लागले. सर्किट माझं, ट्रान्सफॉर्मर आप्पांचा. व्हॉल्व्हच्या आत काय चालतं ते आप्पांना कळत नसे, आणि वाइंडिंग मला जमत नसे. एकमेकांच्या कामात आम्ही नाक खुपसलं नाही. दिलीप — माझा नवरा, दिघीला फेरीबोटीवर कामाला आहे — तो चिडवायचा, "बापाला पोराचं काय पडलंय? त्याला सून भेटली ना."

आप्पा वाइंडिंगला बसले की ओटीवर कुणी बोलायचं नाही. तार त्यांच्या दोन बोटांतून सरकत जायची आणि कुठं तिच्यावरचा एनॅमलचा लेप खरवडलेला असेल तर ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचं. तिथं थांबायचे, वार्निशचा थेंब लावायचे, सुकू द्यायचे. घाई म्हणून नाही. ट्रान्सफॉर्मर झाला की तो आधी देव्हाऱ्यापुढे ठेवायचा, मग माझ्या टेबलावर. मी हसायचे. ते म्हणायचे, "तुज्याकडं जायच्या आदी त्याला देव बगू दे. नंतर तू हायसच."

मी होतेच. मीच होते.

अलिबागला पाटणकर म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. फार गोड माणूस. त्यांच्यासाठी आम्ही एक मोठा ॲम्प्लिफायर करायला घेतला. त्यातले व्हॉल्व्ह पेन्टोड जातीचे. पेन्टोडमध्ये प्लेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या बाहेरच्या पत्र्याच्या, आधी एक जाळी असते, तिला स्क्रीन ग्रिड म्हणतात. तिचं व्होल्टेज ठरलेलं, हलायचं नाही. आवाज मोठा झाला की प्लेटचं व्होल्टेज खाली उतरतं, आणि मग ही जाळी सगळा भार आपल्या अंगावर ओढून घेते. फारच झालं तर लालभडक होते. पण हाच पेन्टोड ट्रायोडसारखा, म्हणजे ही जाळी नसलेल्या साध्या व्हॉल्व्हसारखा, जोडता येतो. स्क्रीन ग्रिड सरळ प्लेटला बांधून टाकायची. मग प्लेट वर तर ती वर, प्लेट खाली तर ती खाली — प्लेट म्हणेल ती पूर्व दिशा. ताकद निम्म्याहून कमी होते, पण आवाजाला जो गोडवा येतो, तो ऐकल्याशिवाय सांगता येत नाही.

पाटणकरांना तो गोडवा हवा होता. मी आधी नुसतं करून बघायचं ठरवलं. दोन्ही व्हॉल्व्हच्या सॉकेटखाली, स्क्रीनच्या पिनेपासून प्लेटच्या पिनेपर्यंत, एकेक उघड्या तारेचा तुकडा टाकला. तात्पुरता. या धंद्यातल्या कुणालाही विचारा — अशा तारा आम्ही सगळेच टाकतो. आवडलं तर मागाहून त्या काढायच्या आणि त्यांच्या जागी शंभर ओहमचा एकेक रेझिस्टर बसवायचा, अगदी पिनेला चिकटून. तो रेझिस्टर शेंगदाण्याएवढा. त्यानं आवाजात काही फरक पडत नाही. पण तो नसेल, तर कधीकधी व्हॉल्व्ह आपल्या कानांना ऐकूच येणार नाही इतक्या वरच्या पट्टीत आपला आपण थरथरायला लागतो. गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला पत्ता नसतो, आणि आत सगळं तापत जातं. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. दर वेळी मी रेझिस्टर बसवत आलेच होते.

मग त्या वेळी काय झालं?

दुपार होती. मी ॲम्प्लिफायर सुलटा केला, सनईचं एक रेकॉर्डिंग लावलं आणि आप्पांना हाक मारली. ते अंगणात सुपाऱ्या सोलत होते. हात पुसत आले आणि उंबऱ्यावरच बसले. सनई सुरू झाली. मी आजवर जोडलेल्या कुठल्याच डब्यातून असा आवाज आला नव्हता. वाजवणाऱ्यानं मध्येच घेतलेला श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळानं बघते तर आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. "तुजी सासू आसती तर," एवढंच म्हणाले. संपलं की पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

तुम्हीच सांगा, अशा वेळी तो डबा उलटा करून त्याच्या पोटात इस्त्री घालवेल का कुणाला? आम्ही सोल्डरिंगच्या आयर्नला इस्त्रीच म्हणतो. — नाही, हे विचारणं बरोबर नाही. तुम्हाला विचारून मी माझा भार तुमच्यावर टाकते आहे. त्या दुपारी नसेल घालवली. पण दुसरा दिवस उजाडलाच होता की. दुसऱ्या दिवशी पाटणकरांचा फोन आला, घरी पाहुणे येणार आहेत, आजच मिळाला तर बरं. मला आठवण होती. रेझिस्टर डबीत होते. मी खालचं झाकण हातात घेतलं, तारांकडे पाहिलं, आणि मनात म्हटलं — ट्रायोड तर आहे. यात स्क्रीनला स्वतःचं असं डोकं कुठं असतं? ती प्लेटच्या मागं मागं जाणार. कालपासून वाजतो आहे, काय झालं त्याला? आणि झाकणाचे स्क्रू पिळले. मीच पिळले. दिलीपच्या फेरीबोटीवरून आगरदांड्याला उतरून, मुरूडवरून मी स्वतः तो अलिबागेला नेऊन दिला. सगळ्या वाटेनं मांडीवर धरून.

माझ्या टेबलावर छोटे स्पीकर, हातभर तारा. पाटणकरांच्या दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबच लांब तारा ओढलेल्या. जे माझ्याकडे झालं नाही, ते त्या लांब तारांनी तिथं झालं — व्हॉल्व्ह आतल्या आत थरथरायला लागला. काही दिवस छान वाजला. मग फोन आला — करपल्याचा वास येतोय, एका बाजूचा आवाज गेला आणि मग कुठं फ्यूज उडाला.

ॲम्प्लिफायर घरी परत आला तेव्हा आप्पा शेतावर गेले होते. मी एकटीच होते. झाकण काढलं. एका व्हॉल्व्हची काच आतून काळवंडलेली, प्लेट तापून वाकडी झालेली, आणि खाली ती तार — मी टाकलेली. तिच्या मागोमाग आप्पांचा ट्रान्सफॉर्मर जळून गेलेला. चूक कुणाकडूनही होते, यावर मी तुमचा वेळ घेणार नाही. इथवरचं मी आप्पांना सांगितलं असतं, तर ते दोन शब्द रागावले असते, आणि दुसऱ्या दिवशी ओटीवर नवी बॉबिन घेऊन बसले असते. मला पक्कं ठाऊक आहे.

मी काय केलं ते ऐका. मी इस्त्री तापत ठेवली. दोन्ही तारा काढल्या. त्यांच्या जागी शंभर ओहमचे रेझिस्टर बसवले, पिनेला चिकटून, कसे बसवायला हवेत तसे. नवं सोल्डर चकाकत होतं. मी टेबलावर सांडलेली सोल्डरची जुनी, काळपट राळ बोटानं उचलली आणि त्याच्यावर चोळली, जुनं दिसावं म्हणून. काढलेल्या तारा चुलीत टाकल्या. तांबं काही जळत नाही, हेही मला त्या क्षणी सुचलं नाही. राखेतून त्या पुन्हा वेचून मागच्या विहिरीत टाकल्या. मग हात धुतले आणि आप्पांची वाट बघत बसले.

कशासाठी केलं? पाटणकर रागावतील म्हणून? गावात एकुलती एक बाई या कामात, माझं नाव जाईल म्हणून? असेल. पण खरं कारण त्याहून लहान आहे. आप्पांना वाटायचं, सुनेचं काम म्हणजे बघायला नको. ते तसं चारचौघांत सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं.

राळ चोळायची काही गरज नव्हती. आप्पांनी माझ्या सोल्डरकडे बघितलंसुद्धा नाही. ते फक्त त्यांच्या ट्रान्सफॉर्मरकडे बघत होते. तो त्यांनी ओटीवर नेला आणि उलगडायला बसले. गुंडाळताना लागला त्याहून जास्त वेळ त्यांनी तो उलगडायला घेतला. थर काढायचा, कागद उजेडाला धरायचा, तार बोटांतून सरकवून बघायची. मी आत भाकऱ्या थापत होते आणि माझं सगळं लक्ष बाहेर. करपलेला थर लागला तेव्हा त्यांनी मला हाक मारली. कागदाला भोक पडलं होतं, भोवती काळं. ते भोक दाखवून मला म्हणाले, "इथं तार खरवाडली आसंल आणि माज्या बोटांना समाजली न्हाय. व्हय ना गो? माजाच हात चुकला ना?"

त्यांनी विचारलं होतं, लक्षात घ्या. ठरवून टाकलं नव्हतं. माझ्याकडे बघून, माझ्या तोंडून ऐकायला थांबले होते. सर्किटातलं मला कळतं असा त्यांचा विश्वास होता. मी एवढंच म्हणायचं होतं की नाही आप्पा, तुमचा नाही.

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि म्हटलं, "असू दे आप्पा. वय झालं आता तुमचं. इतकं बारीक काम, कुणाचाही हात चुकेल."

हे ते. हेच मी कधी कुणाला सांगितलं नाही. तार नाही, राळ नाही — हे. तोंड चुकवून गप्प बसले असते तर ती भीती म्हटली असती. पण मी प्रेमानं बोलले. आवाजात जेवढी माया आणता येईल तेवढी आणून बोलले. आणि ती माया खोटी नव्हती, हे मला अजून सहन होत नाही.

आप्पांनी मान हलवली. "व्हय," म्हणाले. "झाला खरा." आणि उलगडलेली तार नीट गुंडाळून ठेवायला लागले.

पाटणकरांनी मुंबईहून तयार ट्रान्सफॉर्मर मागवला. मी जाऊन तो, आणि काळवंडलेल्या व्हॉल्व्हच्या जागी नवा व्हॉल्व्ह, बसवून आले. आता सॉकेटवर रेझिस्टर होते, तेव्हा जळायला कारणच नव्हतं. पंधरवड्यानं त्यांचा फोन आला, हात पिठात होते म्हणून मी स्पीकरवर टाकला. ते आनंदानं सांगत होते, "ट्रान्सफॉर्मर बदलला आणि काय सांगू, ठणठणीत! म्हणजे दोष तिथंच होता बघा." आप्पा समोर बसून नखं कापत होते. त्यांनी नेलकटर खाली ठेवला आणि उठून अंगणात गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोरानं संन्याशाला चहा नेऊन दिला. खरंच नेऊन दिला, थोड्या वेळानं, आलं घालून.

त्यानंतर आप्पांनी मशीनला हात लावला नाही. कामं येत होती. मी म्हणायचे, बसा की, हळूहळू करा. ते म्हणायचे, नको, तुजं नाव खराब व्हईल. माझं नाव! दसऱ्याच्या आधी त्यांनी ते मशीन बाजारात पंपांच्या जळलेल्या मोटारी नव्यानं गुंडाळून देणाऱ्या एका पोरगेल्या मेकॅनिकला देऊन टाकलं. असंच, फुकट. दसऱ्याला आमच्या घरी हत्यारं पुजतात — कोयता, विळा, माझी इस्त्री, आणि मधोमध मशीन. त्या वर्षी आप्पांनी झेंडूची माळ नेहमीएवढीच लांब ओवली होती. मशीन नव्हतं, तेव्हा उरलेली माळ त्यांनी माझ्या टेस्टिंगच्या मीटरला दोन वेढे घालून बसवली. मी बघत उभी होते. तेव्हा सांगायचं नाही, तर कधी?

नाही सांगितलं. नंतर संधी आल्या, त्या मोजत बसले तर रडकथा होईल. सकाळी सांगू, दिलीप कामावर गेल्यावर सांगू, आप्पांची तब्येत जरा सुधारली की सांगू. पुढं पुढं तर आप्पा स्वतःच माझं वाक्य बोलायला लागले. चहाची बशी कलंडली — हात चुकला. दोरीची गाठ सुटली — हात चुकला. शेजारीपाजारी कुणी चाकूसुरी धार लावायला द्यायला आलं तर म्हणायचे, माज्या हाताचा काय खरा न्हाय बाबा. बशी काय, कुणाच्याही हातून कलंडते. पण त्यांना मी एक कारण देऊन ठेवलं होतं, आणि ते कारण ते मनापासून वापरत होते.

शेवटच्या हिवाळ्यात मी कुंपणाची करवंदीची जाळी तोडत होते, तर काटा तळहातात शिरून आतच मोडला. दिलीप फेरीबोटीवर. मी सुईनं कोरून कोरून हात रक्तबंबाळ करून घेतला, पण काटा काही सापडेना. आप्पा ओटीवर उन्हाला बसले होते. त्यांनी मला जवळ बसवलं, सुई काडीवर तापवून घेतली, आणि माझा हात आपल्या गुडघ्यावर उताणा धरला. चष्मा नव्हता त्यांच्या डोळ्यांवर. त्यांनी आधी बोटाच्या टोकानं नुसतं चाचपलं — अगदी हलकं — आणि जिथं मी कोरलं होतं त्याच्या पलीकडे सुई टेकवली. सुई जराही हलली नाही. मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. ना थरथर, ना चूक. एकदाच टोचल्यासारखं झालं आणि काटा वर आला. रक्ताचा थेंबसुद्धा नाही.

आप्पांनी तो काटा नखावर घेऊन उजेडात बघितला. मग आपल्या हाताकडे बघितलं आणि जरासे हसले.

"निगाला बग," म्हणाले. "नशीब तुजं. न्हायतर माज्या हाताचा आता काय भरवसा?"

माझा हात अजून त्यांच्या हातात होता.

मी म्हटलं, "हो, आप्पा."